वर्षभर उभ्या राहिलेल्या बाईकचा कार्बोरेटर: कुठे अडतं आणि घरच्या घरी काय करता येतं

काकांची स्प्लेंडर आमच्या भांडुपच्या बिल्डिंगखाली चौदा महिने निळ्या ताडपत्रीत गुंडाळून उभी होती. काका गावी घराचं काम काढून बसले, चावी माझ्याकडे, आणि मी रोज तिच्या बाजूने जायचो पण एकदाही किक मारली नाही, निव्वळ आळस, दुसरं काही नाही. गणपतीच्या आधी काकांचा फोन आला, "येतोय रे, गाडी चालू करून ठेव." मग काय, ताडपत्री काढली आणि सुरू झालो, पन्नासेक किका झाल्या, शर्ट पिळायची वेळ आली, वॉचमन खुर्ची वळवून बघायला बसला, आणि गाडी साधी खोकली पण नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्याने लांबूनच बघून सांगितलं, कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, गेला, नवीन टाकावा लागेल. टाकला नाही. जुनाच साफ केला आणि तो एकदा नाही, तीन वेळा, कारण पहिल्या दोन वेळा मी माती खाल्ली. ती कशी खाल्ली तेही सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

आधी एक बघून घ्या, तुमच्या गाडीला कार्बोरेटर आहे ना? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला आणि त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या बाईक फ्युएल इंजेक्शनवाल्या आहेत, त्यांना यातलं फारसं काही लागू नाही. जुन्या स्प्लेंडर, पॅशन, पल्सर, युनिकॉर्न, यामाहा आरएक्स असल्या गाड्यांसाठी हे आहे.

उभ्या गाडीत होतं काय, तर कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत चमचे-दोन चमचे पेट्रोल उरलेलं असतं. त्यातला हलका भाग आधी उडून जातो आणि मागे राहतो तो डिंकासारखा चिकटा, आधी पिवळा, मग तपकिरी, आणि वाळला की वार्निश. आता तर पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मुंबईच्या हवेत पाण्याला काय तोटा, जुलैमध्ये घरातलं मीठ ओलं होतं तिथे टाकीचं काय घेऊन बसलात. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला जाऊन बसतं, आणि कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, पेट्रोल ओढतो तो नेमका तळातून. मग वाटीच्या आत ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर धरते, पितळी जेटवर, म्हणजे पेट्रोल ज्यातून जातं त्या बारीक भोकाच्या तुकड्यांवर, हिरवट राप चढतो. आणि ताडपत्री गाडी वाचवते असं वाटतं ना, ती चारी बाजूंनी घट्ट बांधली तर आतला ओलावा बाहेर जातच नाही. आमच्या गाडीचं हेच झालं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, पाना हातात घेतला की थेट कार्बोरेटरवर जाऊ नका, पेट्रोल ज्या रस्त्याने जातं त्याच रस्त्याने तुम्ही जा, टाकी, कॉक, पाईप, वाटी, जेट, प्लग. मी उलटा गेलो म्हणून तीन वेळा उघडावा लागला.

टाकीपासून सुरुवात

झाकण उघडा आणि वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झणकन जातो. जुन्याचा वास घरात रंगकाम चालू असताना येतो तसा येतो, टर्पेंटाइन, वार्निश असला. तसा आला तर ते पेट्रोल वापरायचा विचारच सोडा, नवीन लिटरभर वर ओतून 'मिक्स होईल' असंही नको. मोबाईलचा टॉर्च बाहेरून धरून आत बघा (टाकीत वाकून लायटर लावणारे महाभाग पण असतात, त्यांना नमस्कार). आत लाल गंज दिसला, तळाला चहापावडरीसारखा गाळ दिसला, तर कार्बोरेटर साफ करून काहीही उपयोग नाही, पाच किलोमीटरवर तोच गाळ परत जेटमध्ये येणार. मी पहिल्या वेळी हेच केलं, कार्बोरेटर चकाचक, टाकी तशीच. एलबीएस रोडच्या सिग्नलला गाडी मेली आणि ढकलत परत आणली.

जुनं पेट्रोल काढायचं तर कॉकचा पाईप काढून डब्यात सोडा. गटारात ओतू नका, जवळच्या गॅरेजवाल्याला द्या, पार्ट धुवायला त्यांना चालतं. आणि हे सगळं मोकळ्या हवेत करा, बंद पार्किंगमध्ये नको, पेट्रोलची वाफ जड असते, ती खाली जमिनीवर पसरते आणि कोणाची तरी बिडी तिला पुरते.

हलका गंज असेल तर टाकी उतरवून, कॉक काढून, भोक बंद करून, कोमट पाण्यात किराणावाल्याकडचं लिंबूसत्व टाकून रात्रभर ठेवा. सकाळी ओता, खायचा सोडा घातलेल्या पाण्याने खळखळून घ्या, परत साध्या पाण्याने धुवा आणि लगेच कडक वाळवा. लगेच म्हणजे लगेच, धुतलेला पत्रा ओला राहिला तर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. पावसाळ्यात ऊन कुठलं, मी बायकोचा हेअर ड्रायर लावला, त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही. एकच, ड्रायर लावण्याआधी आत पेट्रोलचा वाससुद्धा उरलेला नको. गंजाचे पापुद्रे निघत असतील, टाकी खालून पाझरत असेल, तर मात्र हा घरचा खेळ नाही, टाकीवाल्याकडे द्या.

कॉक खोलाल तेव्हा त्याची जाळी बघा. बऱ्याचदा गाडी 'रिझर्व्ह'ला चालते आणि 'ऑन'ला नाही किंवा उलट, त्याचं कारण हीच जाळी आणि नळी असते. पाईप जुना कडक झाला असेल तर नवीन घ्या, मीटरवर मिळतो, त्यात कंजूषी कशाला. टाकीच्या झाकणाचं बारीक भोकही बघा, ते बुजलं तर टाकीत हवा जात नाही, गाडी दहा मिनिटं मस्त चालते आणि मग मरते, झाकण उघडलं की फुस्स होतं आणि परत चालू. लोक यासाठी कार्बोरेटर खोलतात!

ताजं पेट्रोल आणायचं तर एक अडचण, पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. मित्राच्या गाडीतून नळीने लिटरभर काढून घेणं सोपं. तोंडाने ओढू नका, हातपंपाची नळी मिळते.

न खोलता जेवढं कळतं तेवढं कळून घ्या

वाटीच्या तळाला एक स्क्रू असतो, ड्रेन स्क्रू. खाली काचेचा ग्लास धरा, प्लास्टिकचा नको, आणि स्क्रू दोन आटे सैल करा. कॉक ऑन आहे आणि तरी काहीच येत नाही, म्हणजे कॉक, पाईप किंवा फ्लोटची सुई अडकली आहे (फ्लोट म्हणजे वाटीतला तरंगता तुकडा, वाटी भरली की तो सुई वर ढकलून पेट्रोल बंद करतो). आलं तर ग्लास उजेडात धरून पाच मिनिटं तसाच ठेवा. आमच्या ग्लासात वर चहासारखं पेट्रोल आणि तळाला पाण्याचा वेगळा थर, मध्ये स्पष्ट रेघ, वर तरंगणारे काळे कण. एवढं बघून मला पन्नास किकांचा हिशोब लागला.

आता स्पार्क प्लग काढा. दहा-बारा किका मारल्यावर लगेच काढलेला प्लग कोरडा असेल तर पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे आपला संशय बरोबर, कार्बोरेटर. ओला असेल तर पेट्रोल येतंय, मग एकतर स्पार्क नाही किंवा पेट्रोल जास्त येतंय. प्लग टोपीत घालून इंजिनच्या फिन्सना टेकवून किक मारली की ठिणगी दिसायला हवी, फक्त हे करताना प्लगच्या भोकापासून लांब टेकवा आणि आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल आधी पुसा. प्लग फार महाग वस्तू नाही, वर्षभर उभ्या गाडीत मी तो बदलतोच.

आणि एक गोष्ट कोणी बघत नाही, इंजिन ऑइल. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय, लेव्हल पण वाढलेली दिसतेय, तर फ्लोटची सुई गळतेय आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरलंय. अशा गाडीला किक मारू नका, पातळ ऑइलवर इंजिन घासून निघेल. आधी कार्बोरेटर, मग ऑइल बदली, मग किक.

एअर फिल्टरचा डबा पण खोला. आमच्यात उंदराने संसार मांडला होता, गोणपाटाचे धागे, वेफरच्या पाकिटाचा चांदीचा कागद, फिल्टरचा कुरतडलेला फोम. मुंबईत उभी गाडी म्हणजे उंदरांना वन रूम किचन.

आता खोला

लागणार काय, तर ८ आणि १० नंबरचा पाना, चांगल्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर, कार्ब क्लिनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, चष्मा (स्प्रे भोकातून उलटा डोळ्यात येतो, अनुभव आहे), आणि एक जुनी स्टीलची थाळी. थाळी महत्त्वाची, कंपाउंडमध्ये बसून खोलताना जेट हातातून सुटला की तो गटाराच्या जाळीकडेच धावतो.

प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. कॉक बंद, पेट्रोलचा पाईप काढा, फिल्टरकडची पट्टी सैल करा, इंजिनकडचे दोन बोल्ट काढा. स्प्लेंडरसारख्या साध्या कार्बोरेटरमध्ये वरची टोपी फिरवली की केबलसकट स्लाइड (रेस पिळली की वर-खाली होणारा तुकडा) वर येते, तिला खाली लोंबती सुई असते, ती वाकवू नका, फडक्यात गुंडाळून हँडलला अडकवून ठेवा.

वाटीचे स्क्रू, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. वर्षभराचे स्क्रू गच्च बसलेले असतात, जोर केला की डोकं गुळगुळीत होतं आणि मग रडत बसा. बरोबर मापाचा ड्रायव्हर, वरून अंगाचा भार, आणि फिरवण्याआधी मुठीवर हातोडीने दोन हलके ठोके. तरी नाही हलला तर डब्ल्यूडी फॉर्टी (गच्च स्क्रू सोडवणारा स्प्रे) मारून रात्रभर सोडा. गरम करायची आयडिया कोणी दिली तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

वाटी निघाली की आत काय ते दिसेल. फ्लोट एका पिनवर असतो, पिन हलकेच ढकला, फ्लोट उचलला की त्याला लटकलेली सुई बाहेर येते. तिचं रबरी टोक नखाने चाचपा, गोल खाच पडली असेल तर सुई बदला. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटलाय. फ्लोटची ती छोटी पितळी पट्टी वाकवून 'सेटिंग' करू नका, उभी राहून गाडीचं सेटिंग बदलत नाही, फक्त घाण जमते.

मग दोन जेट. मोठा तो मेन जेट, आणि बाजूला खोल भोकात बसलेला बारीक तो स्लो जेट, काही लोक पायलट जेट म्हणतात. खरा आरोपी शंभरात नव्वद वेळा स्लो जेटच असतो, कारण त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, आणि गाडी चालू होताना आणि आयडलिंगला पेट्रोल त्यातूनच येतं. जेट पितळी आहेत, म्हणजे मऊ, ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसला पाहिजे, नाहीतर खाच उडालीच. काढून ट्यूबलाइटकडे धरून बघा, सुईच्या टोकाएवढा गोल पांढरा ठिपका दिसला पाहिजे. अंधुक दिसतोय, चंद्रकोरीसारखा दिसतोय, म्हणजे साफ नाही.

मी पहिल्यांदा नुसता स्प्रे मारला, ठिपका दिसला, खूश झालो. दुसऱ्यांदा गाडी फक्त चोकवरच (थंड गाडीला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून असलेली कळ) चालायला लागली आणि चोक बंद केला की मरायची, तेव्हा कळलं की मधलं भोक उघडलं होतं पण जेटच्या अंगावरची आडवी बारीक भोकं बुजलेलीच होती. तिसऱ्यांदा जेट अर्धा तास क्लिनरमध्ये वाटीत बुडवून ठेवला, मग वायरीतली तांब्याची एकच तार घेऊन प्रत्येक भोकातून हळू सारली, आणि एका आडव्या भोकातून मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा हिरवट गोळा बाहेर आला. एवढ्याशा गोळ्यासाठी तीन रविवार गेले. तार तांब्याचीच, स्टीलची नको, सेफ्टी पिन तर अजिबात नको, स्टीलने भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते.

बाजूला मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू असतो, एअर स्क्रू म्हणतात सगळे. काढण्याआधी तो आत हळूच बंद करत न्या आणि किती फेऱ्या झाल्या ते मोजा, दीड, दोन, जे असेल ते हातावर पेनाने लिहा. तळाला टेकला की थांबा, आवळू नका, टोक मोडतं. मग काढा, त्याची स्प्रिंग, वॉशर, छोटी ओ-रिंग असेल ती क्रमाने थाळीत ठेवा. परत लावताना टेकवून तेवढ्याच फेऱ्या बाहेर. मी पहिल्यांदा मोजलंच नव्हतं.

बॉडीच्या प्रत्येक भोकात स्प्रेची नळी लावा आणि दुसरीकडून बाहेर येतंय का बघा. मग पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा मारून आणा, दोन मिनिटांचं काम आहे, पण फ्लोट आणि सुई लावून हवा मारू नका.

रबरावर स्प्रे नको. ओ-रिंग फुगते, वाटीचं गॅस्केट फुगतं आणि खाचेत बसतच नाही. तसं झालं तर घाबरू नका, गॅस्केट तासभर मोकळ्या हवेत ठेवा, बऱ्याचदा आपोआप आकसतं. युनिकॉर्न, करिझ्मा आणि पल्सरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये वर रबरी पडदा असलेला सीव्ही कार्बोरेटर असतो, त्या पडद्याला तर क्लिनरचा शिंतोडाही लागू देऊ नका. उजेडाकडे धरून बघा, टाचणीएवढं भोक जरी असेल तरी गाडी रेस घेताना लटकते, पळतच नाही.

परत बसवताना

सुई आणि फ्लोट लावल्यावर कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोल येतं त्या नळीला स्वच्छ पाईप लावून फुंका, हवा अडली पाहिजे. सरळ धरून फुंका, हवा गेली पाहिजे. ही टेस्ट दहा सेकंदांची आहे आणि ओव्हरफ्लोचं निम्मं दुखणं इथेच कळतं.

स्लाइड घालताना तिचा कापलेला भाग फिल्टरच्या बाजूला आणि बाजूची खाच आतल्या पिनवर. उलटी घातली तर गाडी चालू होताच फुल रेस घेईल. म्हणून किक मारण्याआधी रेस पूर्ण पिळून सोडा, 'टक' असा आवाज येऊन परत आली पाहिजे, हँडल डावीकडे वळवून एकदा, उजवीकडे वळवून एकदा. हे झाल्याशिवाय चालू करायची नाही.

ताजं पेट्रोल, कॉक ऑन, मिनिटभर थांबा, वाटी भरू दे. चावी बंद ठेवून सात-आठ किका, म्हणजे ऑइल वर चढेल. मग चोक, चावी, किक. आमची चौथ्या किकला लागली, पांढरा धूर, थोडा खोकला, आणि मग ती जुनी टकटक. वॉचमन म्हणाला, "लागली एकदाची!"

चालू झाली पण तक्रार राहिली तर अशी वाचा. चोकवरच चालते, मग स्लो जेट अजून घाण आहे, परत खोला. आयडलिंग ठीक पण रेस दिली की भसकन बसते, मग मेन जेट किंवा कॉकची जाळी. रेस सोडली तरी आवाज वरच राहतो, हळूहळू उतरतो, तर कुठेतरी हवा आत घुसतेय, कार्बोरेटर आणि इंजिनमधलं रबर उन्हाने तडकलेलं असेल, वाकवून बघा, तडा दिसेल. काळा धूर आणि काळा प्लग, तर चोक पूर्ण बंद झालाय का आधी ते बघा, मगच मिक्श्चरला हात लावा. मिक्श्चर फिरवायचाच असेल तर गाडी गरम झाल्यावर, एका वेळी पाव फेरी. एवढं लक्षात ठेवा, स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर हवा वाढते, इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल वाढतं. हे माहीत नसताना फिरवत बसलात तर दिवस मावळेल.

सगळं करूनही नाही जमलं आणि नवीनच घ्यावा लागला, तर कंपनीचा घ्या. बाजारात तसाच दिसणारा डुप्लिकेट मिळतो, आत जेट भलत्याच नंबरचे, मग ॲव्हरेज पडतं आणि दोष इंजिनला. त्यापेक्षा जुन्याच बॉडीत सुई, गॅस्केट, ओ-रिंगचं किट टाकलेलं बरं.

परत उभी ठेवायची वेळ आली, महिनाभर जरी असली, तरी कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, वाटी रिकामी होते. मग ड्रेन स्क्रूने उरलेलं काढा. टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत हवेला आणि गंजाला जागा कमी. ताडपत्री वरून टाका, खालून मोकळी ठेवा.

आणि काम झाल्यावर पहिल्या रात्री कार्बोरेटरच्या खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा, कॉक ऑन ठेवून झोपा, मात्र गाडी उघड्यावरच असू दे. सकाळी आमच्या कागदावर रुपयाएवढा डाग होता, ड्रेन स्क्रू अर्धा आटा सैल राहिला होता. तो आवळला, दुसऱ्या दिवशीचा कागद कोरडा निघाला, आणि त्याच संध्याकाळी काका बॅग घेऊन गेटवर उभे.